समलिंगी लग्न आणि आपला कायदा: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना असतो: ‘रुग्णाशी नाते’. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी पत्रं या ना त्या रूपात या रकान्याविषयीच असतात. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या माणसाने तिथे काय लिहायचं? गेली काही वर्षं मी समलिंगी जोडप्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या शंकांना उत्तरं देते आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते एकत्र केले. माहिती २०२५च्या अखेरीला होती तशी दिली आहे. प्रत्यक्ष कागद करताना मात्र वकिलाला दाखवूनच करा.

१. भारतात समलिंगी लग्न कायदेशीर आहे का?

नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ असो की विशेष विवाह कायदा, १९५४, कोणत्याही कायद्याखाली दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न नोंदवता येत नाही. पण असं एकत्र राहणं किंवा स्वतःला जोडपं म्हणवणं हा गुन्हाही नाही. ‘बेकायदा’ आणि ‘कायद्याची मान्यता नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस ठाण्यात किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी त्यांची गल्लत केली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

२. ३७७ कलम गेलं ना? मग लग्न आपोआप मान्य व्हायला नको का?

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं हे कलम गेलं म्हणजे संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना शिक्षा करण्याचा सरकारचा अधिकार गेला, इतकंच. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी हे कलम सैल केलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्यात संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. लग्नाचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७सारखं कलमच ठेवलेलं नाही. त्यामुळे पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्कारासाठीही आता स्वतंत्र तरतूद उरलेली नाही. हा धोका लग्नाच्या वादात झाकला जातो, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

३. २०२३च्या निकालात कोर्टाने नेमकं काय म्हटलं? कुणी म्हणतं ३-२, कुणी म्हणतं एकमताने.

दोन्ही खरं आहे. ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याची सुनावणी १८ एप्रिल ते ११ मे २०२३ या काळात दहा दिवस चालली आणि निकाल १७ ऑक्टोबरला लागला. पीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंहा होते.

तीन मुद्द्यांवर पाचही जणांचं एकमत झालं. लग्न करणं हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. विशेष विवाह कायद्यातल्या ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या शब्दांचा अर्थ ताणून कोर्ट त्यात समलिंगी जोडपी बसवू शकत नाही. आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीला स्त्री-पुरुष अशा नात्यात आजच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं (प्रश्न ११ पाहा).

मतभेद पुढे झाला. चंद्रचूड आणि कौल यांचं म्हणणं असं की, लग्न नाही तर नाही, पण या जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देण्याची जबाबदारी सरकारवर येते, आणि त्यांना एकत्र दत्तक घेता आलं पाहिजे. बाकीच्या तिघांनी दोन्ही नाकारलं. एकत्र राहण्याचा हक्क आहे, पण त्या नात्याला कायदेशीर रूप द्यायला सरकारला भाग पाडता येणार नाही, असं बहुमताचं मत. ३-२ म्हणतात ते इथलं.

मला हा निकाल वाचताना सगळ्यात जास्त बोचलं ते हे की भेदभाव होतो हे बहुमतानेही मान्य केलं आहे. पीएफ, पेन्शन, विमा अशा ठिकाणी जोडीदार वंचित राहतो हे त्यांना दिसलं, आणि उपाय म्हणून त्यांनी सरकारी समितीकडे बोट दाखवलं.

४. म्हणजे विषय संपला? आता पुढे काय?

कोर्टातला हा रस्ता सध्या बंद आहे. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. संसदेचा रस्ता उघडा आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खाजगी विधेयक मांडलं होतं. खाजगी विधेयकांचं सहसा जे होतं तेच त्याचं झालं, ते मंजूर झालं नाही, पण लोकसभेच्या नोंदीत ते आहे.

तिसरा रस्ता फारसा कुणी बोलून दाखवत नाही. विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे विधानसभेलाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत झाला तर राष्ट्रपतींची संमती लागेल, हा अडथळा मोठा आहे. तरी ‘हे दिल्लीचं काम, आमच्या हातात काही नाही’ असं मुंबईतल्या कुणा आमदाराने सांगितलं तर ते पूर्ण उत्तर नव्हे.

कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती एप्रिल २०२४मध्ये नेमली गेली. त्यानंतरच्या काही महिन्यांत केंद्रीय खात्यांनी संयुक्त बँक खातं, रेशनकार्ड आणि मृतदेह ताब्यात घेणं यांविषयी पत्रकं काढली. त्यांचा उपयोग कसा करायचा ते प्रश्न १४ आणि १५मध्ये आहे.

५. महाराष्ट्र सरकारची भूमिका काय होती?

सुनावणी चालू असताना केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र लिहून मत विचारलं. सात राज्यांनी उत्तर दिलं. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदवला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी विचाराला वेळ हवा असं कळवलं. म्हणजे महाराष्ट्राने नकार दिलेला नाही आणि होकारही दिलेला नाही.

६. सोबत राहायला कुणी अडवलंय? मग लग्नाचाच एवढा हट्ट कशासाठी?

हा प्रश्न रागाने विचारणारेही असतात आणि खरोखर न कळल्यामुळे विचारणारेही. दोघांना एकच उत्तर.

दोघी एका घरात पंधरा वर्षं राहतात. भाडं, कर्जाचे हप्ते, एकीच्या आईचं आजारपण, सगळं दोघींनी मिळून निभावलेलं. एक अचानक जाते. फ्लॅट तिच्या नावावर होता. तेराव्याच्या आत भाऊ येतात, कपाटाच्या किल्ल्या मागतात, आणि कायदा त्यांच्या बाजूने असतो. मागे राहिलेली बाई कायद्याच्या लेखी ‘मैत्रीण’ असते. मैत्रिणीला वारसाहक्क नाही, अनुकंपा तत्त्वावर नोकरी नाही, कुटुंब निवृत्तिवेतन नाही. नातं तुटलं तर पोटगी नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये नाव घालायचं की नाही हेही कंपनीच्या मर्जीवर.

लग्न झालेल्यांना हे सगळं एका सहीत मिळतं, आणि मिळालं आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी कोर्टात सांगितलं होतं की हे लग्न मान्य केलं तर कायद्यांतल्या १६० तरतुदींवर परिणाम होईल. अडचण म्हणून मांडलेला हा आकडा मी उलट्या बाजूने वाचते: एवढ्या ठिकाणी या जोडप्यांना आज जागा नाही.

७. लग्न मुलाबाळांसाठी असतं. त्यांना मूल होणार नाही, मग लग्न कशाला?

साठी ओलांडलेल्या विधुर-विधवांची लग्नं आपण लावतो, वधू-वर मेळावेही भरवतो. तिथे रजिस्ट्रार मुलांबद्दल विचारत नाही. विशेष विवाह कायद्यात वयाची अट आहे, आधीचं लग्न अस्तित्वात नसावं ही अट आहे, मूल व्हायला हवं अशी अट नाही. मुलं वाढवण्याबद्दल मात्र खरे प्रश्न आहेत, ते १९व्या प्रश्नात घेतले आहेत.

८. हे शहरी, श्रीमंत लोकांचं फॅड आहे. आपल्या संस्कृतीत कुठे बसतं?

केंद्राने २०२३च्या प्रतिज्ञापत्रात जवळपास हेच म्हटलं होतं. चंद्रचूड यांनी निकालपत्रात त्याला उत्तर दिलं: महानगरातला इंग्रजी बोलणारा नोकरदार पुरुष जितका समलिंगी असू शकतो, तितकीच शेतात राबणारी बाईही असू शकते. १९८७ साली मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी गांधर्व पद्धतीने लग्न केलं आणि त्यापायी नोकरी गमावली. त्या ना श्रीमंत होत्या, ना त्यांच्यापाशी कसली चळवळ होती. मला येणारी पत्रंही तालुक्याच्या गावांतून येतात, बहुतेक मोबाइलवर टाइप केलेली, आणि उत्तर वाचून झालं की पुसून टाकू का असं विचारणारी.

संस्कृतीचं म्हणाल तर ज्यांना लग्न हा संस्कार वाटतो त्यांची श्रद्धा खरी आहे, आणि मी ती खोडायला बसलेली नाही. याचिकाकर्त्यांनी कोणत्याही धर्माचा विवाहविधी बदलायला सांगितलं नव्हतं. सुरुवातीलाच कोर्टाने धार्मिक विवाह कायदे बाजूला ठेवले आणि विशेष विवाह कायद्यापुरता विचार केला. हा कायदा झाला तोच मुळी धर्माची चौकट नको असलेल्यांसाठी. आंतरधर्मीय लग्नांना मान्यता दिल्याने कुणाची सप्तपदी बंद पडली नाही.

९. एलजीबीटी चळवळीतलेच काही जण लग्नाच्या विरोधात बोलतात, ते का?

कारण लग्नसंस्थेने बायकांचं आणि जातीबाहेर प्रेम करणाऱ्यांचं काय केलं ते त्यांनी पाहिलं आहे. ज्या संस्थेत हुंडा आहे, ‘घराण्याची इज्जत’ आहे, तिथे आपण दार ठोठावून का शिरायचं, असा त्यांचा सवाल. त्यातून दुसरी मागणी येते: जोडीदार असो, मैत्रीण असो की हिजडा घराण्यातला गुरू, माणसाला आपलं कुटुंब कोण हे स्वतः ठरवून लिहून देता आलं पाहिजे. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये अशा ‘निवडलेल्या कुटुंबा’च्या कल्पनेला दुजोरा दिला. लग्न हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे.

मला या म्हणण्यात पुष्कळ तथ्य वाटतं. तरीही, लग्न नको म्हणण्याचा अधिकार आधी लग्न करता येणाऱ्याला असतो. ज्याच्यापुढे दारच बंद आहे त्याने आत न जाणं ही निवड होत नाही.

१०. आम्ही घरच्या घरी मंगलाष्टका म्हणून, हार घालून लग्न केलं तर चालेल का? पोलीस पकडतील का?

पोलिसांना पकडायचं काही कारण नाही. विधी करा, फोटो काढा, जेवणावळ घाला. मुंबई-पुण्यात आणि विदर्भातही असे सोहळे झाले आहेत. त्याने कायदेशीर विवाह मात्र होत नाही. एवढं लक्षात ठेवा की सरकारी फॉर्मवर ‘विवाहित’ लिहू नका, पुढे ती चुकीची माहिती ठरू शकते.

११. माझा जोडीदार ट्रान्स आहे. आमचं लग्न होऊ शकतं का?

एक ट्रान्स स्त्री आणि एक पुरुष, किंवा एक ट्रान्स पुरुष आणि एक स्त्री असं जोडपं असेल तर हो. २०२३च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केलं. त्याआधी एप्रिल २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात ट्रान्स स्त्री येते असं म्हटलं होतं. नोंदणीला जाताना निकालाची प्रत जवळ ठेवा आणि दोघांच्या ओळखपत्रांवरची नावं व लिंग जुळताहेत ना ते आधी तपासा. दोघीही स्त्रिया म्हणून ओळख सांगत असतील, आणि त्यातली एक ट्रान्स असेल, तर मात्र तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात येता.

१२. आम्ही अमेरिकेत लग्न केलं. पुण्याला परतलो तर आमचं नातं काय?

तिथे नवरा-नवरा, इथे कायद्याच्या लेखी दोन अविवाहित पुरुष. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी सुरुवात केली. आज कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, तैवान इथे असं लग्न होतं. अमेरिकेत २६ जून २०१५पासून सर्व राज्यांत होतं, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून. शेजारच्या नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३च्या अंतरिम आदेशानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली नोंद झाली. यातलं कोणतंही प्रमाणपत्र भारतात विवाहाचा पुरावा म्हणून चालत नाही.

उलट दिशेने उपयोग होतो. एकाला अमेरिकेत नोकरी लागली आणि जोडीदाराला अवलंबित व्हिसावर न्यायचं असेल, तर लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर असणं पुरतं. घरी केलेला विधी (प्रश्न १०) त्यासाठी चालणार नाही.

आणि एक गोष्ट आनंदाच्या दिवसात कुणी विचारत नाही: हे लग्न मोडायचं झालं तर भारतातलं कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देणार नाही, कारण त्याच्या लेखी लग्नच नाही. अनेक देश घटस्फोटासाठी तिथलं वास्तव्य मागतात. कॅनडाने २०१३मध्ये कायदा बदलून बाहेरच्या जोडप्यांची सोय केली. लग्नाआधी त्या देशाचा घटस्फोटाचा नियमही वाचून घ्या.

१३. नोटरीकडे लिव्ह-इनचा करार केला तर लग्नासारखे हक्क मिळतील का?

मिळणार नाहीत. खर्च कसा वाटायचा, वेगळे झालो तर सामान कुणाचं, एवढं तो करार सांगू शकतो. तुमच्या भावाला, बँकेला किंवा हॉस्पिटलला तो बांधील करत नाही. मात्र आपण किती वर्षं एका पत्त्यावर राहतो याचा लेखी पुरावा म्हणून तो कामाला येतो, तेव्हा करायला हरकत नाही. उत्तराखंडात राहत असाल तर तिथल्या समान नागरी कायद्यातली लिव्ह-इन नोंदणी फक्त स्त्री-पुरुष जोडप्यांसाठी आहे.

१४. जोडीदार हॉस्पिटलमध्ये असेल तर मला सही करता येईल का?

प्रौढ, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते. तातडीच्या वेळी डॉक्टर नातेवाइकांसाठी थांबून उपचार अडवू शकत नाहीत. या दोन टोकांच्या मधली जागा रिवाजावर चालते, आणि रिवाज रक्ताचं नातं मागतो. म्हणून आधीच एक पत्र करून ठेवा: ‘माझ्या आजारपणात माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, निर्णयात तिला विचारावं, मला भेटायला तिला अडवू नये.’ दोन साक्षीदार, सही, तारीख. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे ठेवा.

मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. कोमात गेलेल्या माणसाने दिलेलं मुखत्यारपत्र आपल्या कायद्यात टिकत नाही, आणि मृत्यूनंतर तर संपतंच. नेमकं हवं तेव्हाच ते निकामी होतं. मानसिक आजारासाठी मात्र सोय चांगली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतं, नात्याची अट नाही.

जोडीदाराला मूत्रपिंड द्यायचं असेल तर तुम्ही ‘जवळचे नातेवाईक’ ठरत नाही. जिव्हाळ्यापोटी दान म्हणून प्राधिकार समितीपुढे जावं लागतं, त्यात वेळ जातो. मृत्यूनंतर, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये राज्यांना कळवलं आहे. ‘उपलब्ध नसतील तर’ हे शब्द नीट वाचा.

१५. बँक, विमा, पीएफ: सगळीकडे जोडीदाराला नॉमिनी करता येतं का?

बँकेत येतं. संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं. काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी नकार मागा, बहुतेकदा तिथेच काम होतं. एकत्र राहणाऱ्या जोडप्याला रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरावं, असंही राज्यांना कळवण्यात आलं आहे.

विम्यात एक खाच आहे. विमा कायद्यानुसार आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तरच पैसा त्यांच्या मालकीचा होतो. जोडीदार नॉमिनी असेल तर तो फक्त पैसे उचलणारा, मालक कायदेशीर वारस. शेअर आणि म्युच्युअल फंडांचंही तेच, डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. पीएफ आणखी कडक आहे: कुटुंब असेल तर नामनिर्देशन कुटुंबातल्या व्यक्तीचंच करावं लागतं, आणि अवलंबून असलेले आई-वडील हे कुटुंबच. म्हणून नॉमिनीच्या जोडीला मृत्युपत्र हवंच. ते प्रश्न १७मध्ये.

१६. फ्लॅट एकाच्या नावावर आहे. दुसऱ्याचं नाव कसं लावायचं?

घेतानाच दोघांच्या नावे घेणं सर्वांत सोपं, आणि कुणाचा किती हिस्सा ते खरेदीखतात लिहून घ्या. कर्ज हवं असेल तर अडचण येते, बहुतेक बँका सहकर्जदार नात्यातला मागतात.

नंतर द्यायचा असेल तर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलं, नातवंडांना राहतं घर बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुमच्या जोडीदाराला तीच सवलत नाही, त्याला परक्यासारखं बाजारभावावर शुल्क भरावं लागतं. एकाच मजल्यावरची दोन घरं, एका दारामागे २०० रुपये, शेजारच्या दारामागे काही लाख. समानतेवर मोठी भाषणं देण्यापेक्षा मी लोकांना हा हिशेब दाखवते.

सोसायटीत नॉमिनी करणं म्हणजे घर देणं नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते.

१७. मृत्युपत्रात सगळं जोडीदाराला देता येतं का? घरचे आव्हान देतील का?

हिंदू व्यक्तीला स्वतःची मिळकत आणि वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा कुणालाही देता येतो. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित पुरुषाची मिळकत आईकडे जाते, आई नसेल तर वडिलांकडे, तेही नसतील तर भावंडांकडे. अविवाहित स्त्रीची आई-वडिलांकडे. जोडीदार यादीत कुठेच नाही.

दोन साक्षीदार लागतात, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आहे. जोडीदाराला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्यासारख्यांनी ती करावीच. जमल्यास त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. आई-वडिलांना किंवा भावंडांना का दिलं नाही याचं एक वाक्य लिहा, रागाचं नको.

दोन मोठे अपवाद आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. आणि गोव्यात पोर्तुगीज परंपरेचा वारसा कायदा चालतो: मुलं किंवा आई-वडील हयात असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव, तुमच्या हातात उरलेली निम्मीच. गोव्यातल्या मराठी वाचकांनी मुंबईच्या वकिलाचा मसुदा तसाच वापरू नये. (गोव्याचा नागरी कायदा ‘सगळ्यांना समान’ म्हणून वाखाणला जातो. तिथेही लग्नाची व्याख्या भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार अशीच आहे.)

१८. जोडीदाराने मला पैसे दिले तर कर लागतो का?

नवरा-बायकोमधल्या भेटीवर लागत नाही. तुम्ही ‘नातेवाईक’ नसल्यामुळे वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त भेट मिळाली तर सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेवर हा कर नाही. हा भेदभाव घटनाबाह्य आहे, असं म्हणत एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं आहे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. लग्नाचा मोठा प्रश्न बाजूला ठेवून एकेका तरतुदीवर असं लढणं, मला वाटतं, पुढची काही वर्षं हेच होणार.

१९. आम्हाला मूल हवं आहे. काय मार्ग आहेत?

जोडपं म्हणून एकही नाही. दत्तक नियमांत जोडप्याला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. एकटी व्यक्ती म्हणून एकाला दत्तक घेता येतं, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. सरोगसी २०२१च्या कायद्याने विवाहित जोडपी आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रिया यांच्यापुरती ठेवली आहे. एकट्या स्त्रीला २१ ते ५० या वयात आयव्हीएफसारखे उपचार घेता येतात.

मूल आलं की एकच पालक कायदेशीर. दुसरी आई शाळेच्या दाखल्यावर नाही, पासपोर्टच्या अर्जावर नाही, आणि पहिली आई गेली तर मुलावर तिचा हक्क नाही. मृत्युपत्रात तिला पालक नेमून ठेवा. वाद झाला तर कोर्ट मुलाचं हित पाहून ठरवेल, पण निदान आईची इच्छा कागदावर असेल. ‘मुलांचं काय होईल’ म्हणून या लग्नांना विरोध करणाऱ्यांनी या घरांत आज वाढणाऱ्या मुलांकडे पाहावं. त्यांना दोनपैकी एका पालकापासून कायद्यानेच तोडलेलं आहे.

२०. घरच्यांनी मुलीला कोंडून ठेवलं आहे, ‘उपचार’ करणार म्हणतात. काय करावं?

ती सज्ञान असेल तर तिला कोंडणं हा गुन्हा आहे. ११२ला फोन करा. पोलीस ऐकत नसतील तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका (हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी) दाखल करता येते, आणि ती जोडीदारालाही करता येते. मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी सूचना दिल्या: मुलीला घरच्यांच्या दडपणापासून दूर बसवून तिचं म्हणणं ऐका, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका. प्रश्न ९मधला मद्रासचा निकालही अशाच कोंडलेल्या मुलीचा आहे.

‘उपचार’ म्हणाल तर समलिंगी असणं हा आजार नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२मध्ये असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तक्रार करता येते.

२१. माझा नवरा समलिंगी आहे हे लग्नानंतर कळलं. माझं काय?

ही पत्रं वाचणं मला सगळ्यात जड जातं. तुमची फसवणूक झाली आहे, आणि बहुधा नवऱ्यावरही घरच्यांनी बळजबरी केलेली असते. तुमचा राग खरा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली म्हणून विवाह रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि कळल्यानंतर स्वखुशीने एकत्र राहिलेल्या नसाल तर. मुदत गेली असेल तर परस्परसंमतीने घटस्फोटाचा मार्ग आहे. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ असं अजून म्हणणाऱ्या आई-वडिलांनी हे उत्तर दोनदा वाचावं.

२२. माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार आठ वर्षं एकत्र आहेत. आम्ही आई-वडील त्यांच्यासाठी काय करू शकतो?

पुष्कळ. कायद्याने सगळे हक्क तुमच्या हातात ठेवले आहेत, हे वरच्या उत्तरांतून दिसलंच. हॉस्पिटलमध्ये तुमची सही चालते, तेव्हा जोडीदाराच्या नावाचं पत्र (प्रश्न १४) तुम्हीही सही करून द्या. मुलाच्या मागे त्याची मिळकत तुमच्याकडे येणार आहे. ती येण्याआधीच तुम्ही तिच्यावरचा हक्क सोडू शकत नाही, पण मुलाला मृत्युपत्र करायला बसवू शकता. आणि त्या मृत्युपत्रावर तुमच्यापैकी एकाने साक्षीदार म्हणून सही करा. पुढे काका-मामांनी किंवा भावंडांनी कितीही आवाज केला तरी, ज्या आईला हे घर मिळालं असतं तिनेच साक्षीदार म्हणून सही केलेली आहे, हे कोर्टाला दिसेल. दुसरा साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान घ्या, म्हणजे साक्ष द्यायची वेळ आली तर तो असेल.

तुमचं स्वतःचं मृत्युपत्रही त्याच आठवड्यात करून टाका.